मथुरेचं दुसरं ऑपरेशन

११ जानेवारी १९७८, बुधवार

युनियनची डायरी या वर्षी मलाही मिळाली. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या गाठोड्यांवर लिहीत असतो, म्हटलं चार ओळी आपल्याही लिहाव्यात.

आज रजा टाकून मथुरेला दवाखान्यात नेलं. कॅन्सरच्या ऑपरेशनला वर्ष झालं. तेव्हा गर्भपिशवी काढली, आणि रोग खाली उतरला होता म्हणून खालची वाटही जवळजवळ सगळी काढून टाकावी लागली. वेळेत सापडल्यामुळं किरणांचा शेक द्यायची पाळी आली नाही. आज बसलिंगप्पा डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "रोगाचा मागमूस नाही. बाईंनी जिंकलं."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आता आणखी एक ऑपरेशन करता येईल. मांडीची पातळ कातडी घेऊन आत नवी वाट तयार करायची. त्रासाचं आहे, सहा महिने जपावं लागतं. पण पुढं संसार पहिल्यासारखा होऊ शकतो."

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "नको साहेब. ती जगली हेच खूप. मला काही नको."

डॉक्टरांनी मथुरेकडं बघितलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा डाग पुसत होती. घरी येईपर्यंत माझ्या दोन पावलं मागंच चालत राहिली. थकली असेल.

१२ जानेवारी

एक गोष्ट लिहून ठेवतो. ऑपरेशन झाल्यापासून मी क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपतो. आपल्यामुळं तिला अवघडल्यासारखं होऊ नये. सदतिसावं वर्ष आहे तिचं, माझं बेचाळिसावं. वर्षभरात त्या बाबतीत मी चकार शब्द काढलेला नाही. थोरली बहीण बजाआक्का केम गावाहून आली होती तेव्हा म्हणाली, "रामा, तू देवमाणूस हायेस." आपण होऊन कुणाला सांगायचं नसतं, पण ऐकून बरं वाटलं.

१५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आलो. मथुरेनं हिरव्या बांगड्या भरल्या. लेक शालनच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं स्वतःसाठी काही घेतलं. संध्याकाळी चहा घेऊन व्हरांड्यात आली, माझ्या खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "हितं थंडी वाजत न्हाय का तुमाला?"

"सवय झाली आता."

थोडा वेळ बांगड्या मागंपुढं करत बसली, मग कप घेऊन आत गेली. स्वतः एवढं सोसून माझ्या थंडीची काळजी करते.

७ फेब्रुवारी

आज विचित्रच झालं. दुपारी जेवायला घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारी निरोप होता, दवाखान्यात गेली. सायकल हाणत गेलो, तर ही बायकांच्या वॉर्डात कमलम्मा सिस्टरांशेजारी स्टुलावर बसून बोलत होती. मागच्या वेळी हिची सगळी सेवा या सिस्टरांनीच केली होती. अक्कलकोटकडच्या आहेत, मनानं मोकळ्या.

मी म्हटलं, "काय होतंय? कुठं दुखतंय?"

मथुरा म्हणाली, "काय न्हाय. दुसऱ्या ऑपरेशनचं इचाराय आलते."

सिस्टरांनी माझ्या हातात कागद दिला. "डॉक्टर करतो म्हणालेत. नवऱ्याची सही पाहिजे की हो. तिची झालीय."

तिची सही खरंच होती. दुसरीतून शाळा सुटलेली, तरी मोठ्या अक्षरात पूर्ण नाव काढलं होतं. कागद खिशात घातला. सही केली नाही.

९ फेब्रुवारी

दोन दिवस अबोला. आज मीच विषय काढला.

"कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"कुणी भरवाय पायजे व्हय?"

"अगं, मी तुला कधी काही बोललो का? मला काही नको म्हणून डॉक्टरांना तोंडावर सांगितलं ना तुझ्यासमोर?"

"तेच तर," ती म्हणाली. "तुमाला नको, डाक्टरला तुमी सांगितलं नको. मला काय पायजे ते कुणी इचारलं?"

मी म्हटलं, पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा महिनाभर पडून राहणं, कशासाठी? पोरगी सासरी गेली, वर्ष-दोन वर्षांत नातवंडं येतील.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आंगुळ करताना हात लागतो न् तितं काय न्हाईच. भित बांधल्यावानी. रोग गेला तर बरंच झालं. पर माजं आंग मला पुरं पायजे. तुमच्यासाटी न्हाय. माज्यासाटी."

भाकरी चांगली झाली होती तेवढं सांगितलं.

२० फेब्रुवारी

सही केली. मला पटलं म्हणून नव्हे. काल ती देवापुढं दिवा लावताना पाठमोरी बसली होती, आणि तिची पाठ इतकी ताठ मी वर्षभरात पाहिली नव्हती. म्हटलं, हिनं ठरवलंय. कारण उद्या कधी कळलं तर कळेल.

६ मार्च, सोमवार

आज ऑपरेशन झालं. तीन तास लागले. शेजारीपाजारी 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं: मांडीची कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी काढली, स्पंजाच्या साच्यावर उलटी गुंडाळली आणि केलेल्या जागेत बसवून वरून टाके घातले. दहा दिवस हलायचं नाही. कातडीनं आतल्या मांसाला धरलं तर जिंकलो. लघवीला नळी आहे. खायला फक्त पातळ.

सिस्टर म्हणाल्या, "रोज ताप लिहून ठेवा. हात आहे ना लिहायचा." आज ९९.

८ मार्च

ताप ९९.४. कातडी काढली ती मांडीच जास्त ठणकते. आत काही कळत नाही म्हणते. ताकाचं पाणी चमच्यानं पाजलं. वीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी भरवलं नव्हतं. दोनदा गळ्यावर सांडलं. तिला हसू आलं, पण हसायलाही बंदी.

११ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी वॉर्डात सगळ्या झोपल्या होत्या. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. मथुरा छताकडं बघत होती, मान वळवायचीही तिला भीती. तशीच बघत म्हणाली, "येक इचारू का? खरं सांगचाल?"

"विचार."

"व्हरांड्यात का झोपता?"

मी म्हटलं, "तुला त्रास नको म्हणून. दुसरं काय?"

तिनं चादरीची कड बोटांत धरली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमाला माजी किळस आली."

माझ्या हातातला पुठ्ठा खाली पडला.

"किळस? मथुरा, अगं... मला वाटलं, मी जवळ असलो की तुला भीती वाटेल. मी काही मागेन म्हणून."

"मागायचं जाऊ द्या. नुसतं येका खोलीत असतो तर? ऑपरेशनच्या आदी माजा पाय गार पडला की तुमच्या पायाला लावून झोपायची मी. ती सवय कुटं काढून टाकली होती डाक्टरनं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. तिला हलता येत नव्हतं, म्हणून मी माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसलं. एक वर्ष आणि दोन महिने ही बाई त्या भिंतीच्या आत असं काही समजून पडून राहिली, आणि मी बाहेर स्वतःला शाबासकी देत होतो. वाचतो तर जानेवारीतल्या पानावर माझ्याच हातानं 'देवमाणूस' लिहिलंय. फाडणार होतो. राहू दे.

ताप ९८.८.

१२ मार्च

सकाळी ड्यूटीच्या आधी खाट आत घेतली.

१६ मार्च

भूल देऊन स्पंज काढला. दहा आणे कातडी धरलीय, दोन ठिकाणी धरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, तेवढं आपोआप भरून येईल, मात्र आता कडक साचा लागेल. जागा आवळू द्यायची नाही. अंगाची खोड अशी की नवी जखम दिसली की मिटवायला बघतं. तीन महिने दिवसरात्र साचा आत ठेवायचा, फक्त धुण्यापुरता काढायचा. पुढं तीन महिने फक्त रात्री.

"हा साचा कुठं मिळतो?"

"मिळत नाही. करून घ्यायचा. नव्या पेठेत चनबसप्पा म्हणून आहे, दातांच्या कवळ्या करतो. त्याच मसाल्याचा करतो. मापाची चिठ्ठी देतो."

१७ मार्च

चनबसप्पाच्या दुकानात कपाटभर दात हसत होते. म्हातारा साठीचा, कपाळाला भस्म, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. चिठ्ठी वाचून त्यानं दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणून वाटेला लावलं. मी मान खाली घालून उभा होतो.

"लाजता कशाला," तो म्हणाला. "दात गेला की जेवण जाते, म्हणून कवळी. हे बी तसंच की. कुणाचं आहे?"

"मंडळींचं."

"मग गुळगुळीत करतो. कवळी खरखरीत राहिली तर गिऱ्हाईक येऊन बोलतं. ही बाई कुणाला बोलणार?"

त्यानं गुलाबी तुकडा तासाभर चाकावर घासला. मधूनमधून स्वतःच्या गालावर फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा. पैशाचं विचारलं तर म्हणाला, डॉक्टरांशी बघून घेतो. निघताना म्हणाला, "बाईला सांगा, पहिले आठ दिवस रडू येते. मग नाही येत."

२ एप्रिल

घरी आणली. मदतीला केमहून बजाआक्का आलीय. तिलाही 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय. ऊन मरणाचं. साचा, वर पट्टा, त्यात घाम. रोज दोनदा मोरीत दार लावून स्वतःचं स्वतः करते. पहिल्या दिवशी आतून हुंदका ऐकू आला. मी दाराशी जाऊन म्हटलं, "सिस्टरांना बोलावू का?"

"नगं. तुमी हितंच उबं ऱ्हावा."

उभा राहिलो. आता रोज दोनदा मी मोरीच्या दाराबाहेर उभा असतो. बोलत काही नाही, पण खोकलतो, म्हणजे तिला कळतं.

२३ एप्रिल

तिला म्हटलं, एवढा त्रास होतोय तर एक दिवस राहू दे. तिनं असं बघितलं की मी मुकाट पाणी तापवायला गेलो. इतक्या नेमानं करते की डॉक्टरही चकित आहेत. माझ्यासाठी नाही म्हणाली होती. मग हा नेम कशाचा, अजून नीट कळलेलं नाही. पण विचारणार नाही.

तिचे पाय मात्र खरंच गार पडतात. एवढ्या उन्हाळ्यातसुद्धा.

१४ मे, रविवार

आजचा दिवस आयुष्यात विसरणार नाही.

सकाळी मथुरेनं साचा धुऊन मोरीत वाटीत ठेवला आणि अंघोळीचं पाणी काढायला गेली. परत आली तर वाटी रिकामी. आक्का मागल्या दारातून हात धुऊन येत होती.

"आक्का, हितली वाटी..."

"कसली चीज ती? देवाच्या घरात असलं? दिली नाल्यात टाकून. आगं, ह्या वयात कशापायी ही थेरं? लेक दिली, आता देवाचं नाव घ्यावं."

मथुरा ओरडली नाही. मोरीच्या उंबऱ्यावर बसली, आणि तिचा चेहरा असा झाला की तसा मी पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीही पाहिला नव्हता. म्हणाली, "दोन महिनं झालं वो. आता मिटंल ते."

नाल्यात मी गुडघाभर उतरलो. सापडला नाही. मग तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कमलम्मा सिस्टर ड्यूटीवर होत्या हे नशीब. त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कपाटातून निरोधाचं पाकीट काढलं, स्पंज कापून त्यात भरला आणि मथुरेला पडद्याआड नेलं. "रडू नको यव्वा, हे एक दिवस धरते. उद्यापर्यंत कडक साचा आण म्हणावं तुझ्या मालकाला."

चनबसप्पाचं दुकान रविवारचं बंद. घर बाळीवेशीत. तिथं कळलं, नातवाच्या बारशाला मंद्रूपला गेलाय. एस.टी. पकडली. मंद्रूपला पोचलो तर मांडवात पंगत बसलेली, चाळीस-पन्नास माणसं. माझे पाय नाल्याच्या चिखलानं भरलेले. चनबसप्पा पानावरून म्हणाला, "काय झालं हो? कवळी मोडली काय?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. हो म्हणालो असतो तर सोपं होतं. पण मग तो म्हणाला असता, उद्या बघू.

मी म्हटलं, "कवळी नव्हे. माझ्या बायकोचा साचा हरवलाय. आजच पाहिजे. नाहीतर तिनं दोन महिने सोसलं ते सगळं वाया जाईल."

कुणीतरी विचारलं, कसला साचा? चनबसप्पानं उत्तर दिलं नाही. समोर पुरणाची होळगी वाढलेली होती. हात धुतला, सुनेला म्हणाला, "माझं पान झाकून ठेव," आणि माझ्याबरोबर निघाला. एस.टी.त म्हणाला, "पहिल्याचं माप ठेवलंय मी. प्लास्टर फेकत नाही कधी."

दुकान उघडून त्यानं मसाला कालवला, शिजवला, थंड केला, घासला. मी चाक फिरवायला लागलो. दिवे लागायच्या आत साचा माझ्या हातात होता. या वेळी त्यानं माझ्याही गालावर फिरवून बघितला. "खरखरतंय?"

"नाही."

"मग द्या जाऊन."

१५ मे

डॉक्टर म्हणाले, थोडं आवळलंय, पण गेलेलं नाही. वेळेवर आणलंत.

घरी आक्का चुलीपुढं बसली होती, कालपासून जेवली नव्हती. मथुरा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, काय काढलं, काय बसवलं, कशासाठी. मी बाहेर होतो पण ऐकू येत होतं. आक्काचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारला. तेव्हा ती सोळाची होती.

सगळं ऐकून आक्का म्हणाली, "बाईच्या जातीला असलं मागता येतंय, हेच मला म्हाईत न्हवतं गं."

मग आक्का एवढी का गप्प झाली कुणास ठाऊक. एरवी तिला बोलण्यात कुणी हरवत नाही.

१६ मे

साच्यासाठी पाणी आक्कानं उकळलं. वाटी नवी, पितळेची. केमला जाताना न्यायची म्हणून आणलेली.

१९ जून

तीन महिने झाले. आता फक्त रात्री. मथुरा आज स्टेशनापर्यंत चालत आली, मला डबा द्यायला. पार्सल ऑफिसाबाहेर वजनकाट्यावर उभी राहिली. बेचाळीस किलो. "बुक करा मला," म्हणाली. "कुटं बी." माझे सोबती हसले. ती इतकी चेष्टेखोर होती हे मी विसरूनच गेलो होतो.

१८ सप्टेंबर

डॉक्टरांनी तपासलं. रोग नाही. कातडी आतून मऊ झालीय, जागा टिकलीय. मला वेगळं बोलावून म्हणाले, "आता हरकत नाही. पण घाई नको, आणि तिला दुखलं तर थांबायचं."

मी म्हटलं, "साहेब, ती सांगेल तेव्हा."

डॉक्टर हसले. म्हणाले, "जानेवारीत तुम्हीच बोलत होतात."

५ ऑक्टोबर

कमलम्मा सिस्टरांची बदली पंढरपूरला झाली. मथुरेनं त्यांना शेंगाचटणी दिली. दोघी गळ्यात पडून रडल्या. सिस्टर माझ्याकडं बोट दाखवून मथुरेच्या कानात काहीतरी म्हणाल्या, दोघी हसत सुटल्या. काय म्हणाल्या ते मथुरा सांगत नाही.

११ ऑक्टोबर

ऑफिसातून येताना चनबसप्पा भेटला. म्हणाला, मंद्रूपला लोक अजून विचारतात, तो चिखलाच्या पायाचा माणूस कोण? "मी सांगतो, बायकोवाला माणूस."

१२ ऑक्टोबर

कालचं काही लिहायचं नाही असं मथुरेनं सकाळीच बजावलंय. "सगळं लिवता तुमी. ह्ये न्हाय लिवायचं." तेव्हा ते लिहीत नाही.

आज सकाळपासूनचं लिहितो. उठायला सात वाजले. चहात तिनं साखर दोनदा घातली आणि मला तो गोड आहे हे तिनं विचारल्यावर कळलं. आरशासमोर वेणी घालताना काहीतरी गुणगुणत होती, मी बघितलं की थांबायची, मान वळवली की पुन्हा सुरू. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "शर्ट उलटा हाय."

ऑफिसात दौंडच्या पार्सलावर वाडीची चिठ्ठी लावली. नंतर वाडीच्या पार्सलावर दौंडची. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "रामहरी, लक्ष कुठं आहे तुमचं?"

मी म्हटलं, "चुकलं साहेब," आणि हसलो.